हयातीचा दाखला

भरती पुरती चढली की खाडीच्या चिखलावर चरणाऱ्या पक्ष्यांना करण्यासारखं काही उरत नाही. कांदळवनामागच्या उथळ तळ्यात, मिठागराच्या बांधावर, मिळेल त्या उघड्या पट्टीवर ते दाटीवाटीने उभे राहतात. तोंड वाऱ्याकडे, चोच पाठीच्या पिसांत खुपसलेली, आणि बहुतेक जण एका पायावर. दुसरा पाय पोटाशी घेतलेला. दुर्बीण लावून बसलेल्या माणसाच्या चिकाटीची परीक्षा याच वेळी असते, कारण त्या दोनतीनशे काटक्यांसारख्या पायांत एखाद्या पायात कडं असतं, आणि ते नेमकं पोटाशी घेतलेल्या पायात असतं. मग वाट पाहायची. पक्षी कधीतरी पाय बदलतो, अर्धा क्षण दोन्ही पाय दिसतात, शेजारचा पक्षी तेवढ्यात मधे येतो. आपल्याकडे चाणाक्ष माणसाला उडत्या पाखराची पिसं मोजणारा म्हणतात. इथे ती हुशारी कामाची नाही. पाखरू उडून चालत नाही; त्याने उभं राहायला हवं, तेही आपल्या सोयीच्या पायावर.

वाचायचं असतं ते फार थोडं. धातूचं कडं असेल तर त्यावर बारीक आकडा आणि ते घालणाऱ्या संस्थेचा पत्ता असतो, पण तो लांबून दिसत नाही. म्हणून त्याच्या जोडीला प्लास्टिकची रंगीत कडी घालतात. कुठल्या पायात, सांध्याच्या वर की खाली, कुठल्या रंगावर कुठला रंग, या क्रमालाच अर्थ असतो. किनाऱ्यावरच्या पक्ष्यांच्या पायाला कड्यातून बाहेर आलेली छोटी चपटी झेंडी लावतात. तिचा रंग गाव सांगतो: न्यूझीलंडची पांढरी, ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया प्रांताची नारिंगी, त्याच देशाच्या वायव्य किनाऱ्याची पिवळी. तिच्यावर दोनतीन अक्षरं कोरलेली असली तर तो एकच एक पक्षी ओळखता येतो. हंसांच्या गळ्यात पट्टा असतो. मंगोलियात असे पट्टे घातलेले पट्टकादंब विदर्भातल्या तलावांवर दिसले आहेत. मराठीत या सगळ्याला सरसकट रिंग किंवा टॅग म्हणायची पद्धत पडली आहे. मला जुना ‘वाळा’ हा शब्द बरा वाटतो, कारण तो तान्ह्या पोराच्या पायात असतो आणि पोर कुठे रांगत गेलं ते त्याच्या आवाजावरून घरात कळतं. अर्थात पायातल्या कड्याला आपल्याकडे बेडीही म्हणतात. वाळा की बेडी, हा प्रश्न पुढे येणारच आहे.

पक्षी कुठून येतात आणि कुठे जातात, याचा पहिला धडधडीत पुरावा माणसाने मारण्याच्या हेतूने दिला, हे जरा विचित्र आहे. १८२२ साली जर्मनीत मेक्लेनबुर्गमधल्या क्लुट्झजवळ एक पांढरा करकोचा मिळाला. त्याच्या मानेत आरपार भाला होता आणि तो भाला मध्य आफ्रिकेतला होता. करकोचे हिवाळ्यात नाहीसे होतात म्हणजे कुठे जातात, यावर चाललेल्या वादाला त्या एका लाकडी काठीने उत्तर दिलं. तो करकोचा भाल्यासकट आजही रोस्टॉक विद्यापीठात आहे. जाणूनबुजून आणि पद्धतशीरपणे कडी घालण्याची सुरुवात त्यानंतर पाऊणशे वर्षांनी झाली, डेन्मार्कमधल्या व्हीबॉर्गच्या मॉर्टेन्सन नावाच्या शाळामास्तरांनी १८९९ साली १६५ स्टार्लिंगांच्या पायात अॅल्युमिनियमची कडी घातली तेव्हा. आधी त्यांनी जस्ताची करून पाहिली होती, ती पक्ष्यांना जड झाली. आपल्या देशात १९२० च्या दशकात धारच्या पवारांच्या संस्थानात बदकांना कडी घालण्यात आली. मोठं काम मात्र १९५९ नंतर उभं राहिलं, तेही एका रोगामुळे. कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात १९५७ साली माकडं पटापट मरू लागली, माणसांना ताप येऊ लागला. विषाणू रशियातल्या एका विषाणूच्या जवळचा निघाला, आणि गोचिडी पक्ष्यांच्या अंगावरून येत असतील का, ही शंका आली. जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने सालिम अलींच्या देखरेखीखाली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने हजारो पक्षी पकडून, कडी घालून सोडले. भरतपूरला कडी घातलेली बदकं सायबेरियात आणि मध्य आशियात सापडली.

‘सापडली’ या क्रियापदाकडे मात्र नीट पाहायला हवं. धातूचं कडं वाचायला पक्षी हातात यावा लागतो, आणि तेव्हा तो बहुधा शिकाऱ्याच्या हातात, म्हणजे मेलेला असे. त्या काळातला कड्याचा प्रत्येक निरोप एका अर्थी मृत्यूचा दाखला होता. अमुक दिवशी इथून सोडला, तमुक दिवशी तिथे मेला. मधल्या प्रवासाची एक सरळ रेघ नकाशावर ओढायची. लांबून वाचता येणाऱ्या रंगीत कड्यांनी हे पार उलटं केलं. आता एकच पक्षी जिवंतपणी पुन्हा पुन्हा वाचता येतो, या वर्षी, पुढच्या वर्षी, त्याच बांधावर. पेन्शनवाल्या माणसाला दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. उत्तरेकडचे पक्षी आपल्या पाणथळींवर स्थिरावतात तेही नोव्हेंबरातच, आणि कडंवाला पक्षी पाय बदलून क्षणभर जे दाखवतो तो हयातीचा दाखलाच असतो. तो घ्यायला खिडकीपाशी कुणीतरी बसलेलं असलं म्हणजे झालं.

या दाखल्याची किंमत पक्षीवेड्यांच्या हौसेपुरती आहे असं समजलं जातं. मला उलट वाटतं. पाणथळ जागेच्या बाजूने करता येण्यासारखा सर्वांत भक्कम युक्तिवाद या दोन अक्षरांच्या तुकड्यातच आहे. एखादी खाडी बुजवायची ठरते, तळ्यात येणारं भरतीचं पाणी अडतं, तेव्हा पक्ष्यांबद्दल ठरलेलं एक वाक्य ऐकू येतं: पक्षीच ते, दुसरीकडे जातील. वाक्य निर्दय नाही. त्यात एक प्रामाणिक समजूत आहे की ज्याला पंख आहेत त्याला पत्ता नसतो. वर्तमानपत्रंही नकळत तिला खतपाणी घालतात, दर हिवाळ्यात ‘परदेशी पाहुणे दाखल’ असा मथळा देऊन. पाहुण्याची सोय एका घरी झाली नाही तर दुसऱ्या घरी होते. पण खाडीतला लाल टिलवा उन्हाळ्यातले मोजके महिने पिल्लांसाठी उत्तरेला जातो आणि वर्षाचा मोठा भाग इथे चिखलात काढतो. बाळंतपणाला माहेरी गेलेल्या बाईला आपण सासरची पाहुणी म्हणत नाही. आता हे वाक्य खरं की खोटं, हे मोजणीने कधीच ठरत नाही. गेल्या वर्षी थव्यात पाचशे होते, यंदाही पाचशे आहेत. ते तेच पाचशे की वेगळे, हे पाचशे हा आकडा सांगत नाही. मोजणी किती ते सांगते, कोण ते सांगत नाही, आणि ‘दुसरीकडे जातील’चा निकाल ‘कोण’वरच लागायचा असतो.

तो एकदा फार स्वच्छ लागला आहे. वेल्समधल्या कार्डिफ शहराच्या उपसागरात भरतीच्या चिखलाची सुमारे दोनशे हेक्टर जागा होती आणि हिवाळ्यात तिथे लाल टिलवे चरत. आपल्या खाड्यांत दिसतो तोच पक्षी, रेडशँक. शहराच्या पुनर्विकासासाठी तोंडाशी बंधारा घालून तिथे गोड्या पाण्याचं कायमचं सरोवर करायचं ठरलं. १९९९ च्या नोव्हेंबरात ओहोटी बंद झाली आणि चिखल पाण्याखाली गेला. भरपाई म्हणून न्यूपोर्टजवळ नवी पाणथळही तयार करण्यात आली. पण बंधारा होण्याआधीच अभ्यासकांनी तिथल्या टिलव्यांना रंगीत कडी घालून ठेवली होती, त्यामुळे पुढे काय झालं ते पक्षीवार कळलं. ते गेले, दुसरीकडेच गेले; बहुतेक जण शेजारच्या ऱ्हिम्नी नदीच्या मुखावर. नुसत्या मोजणीवर विसंबलेल्या माणसाने इथे वही मिटली असती: कार्डिफचे पक्षी ऱ्हिम्नीला सुखरूप पोचले, तिथली संख्या वाढली. कड्यांनी पुढची गोष्ट सांगितली. हलवलेल्या टिलव्यांना त्या पहिल्या हिवाळ्यात अंगावरचं वजन टिकवणं जड गेलं. प्रौढ पक्ष्यांपैकी पूर्वी वर्षाला शंभरातले सुमारे ८५ जगत, ते ७८ वर आले. सात टक्क्यांचा फरक कागदावर किरकोळ दिसतो, पण मरणाच्या बाजूने मोजलं तर शंभरात सुमारे पंधराच्या जागी बावीस, म्हणजे दशांशासकट नेमका हिशेब केला तर मरणाचं प्रमाण ४४ टक्क्यांनी वाढलं. एका कडक थंडीचा हा परिणाम म्हणावा, तर पुढच्या हिवाळ्यांतही आकडा वर आला नाही, आणि ऱ्हिम्नीच्या मूळ रहिवासी टिलव्यांत असा फरक पडलाच नाही. तोच चिखल, तीच थंडी, त्याच अळ्या. फरक एवढाच की काहींना कुठल्या ओहोटीला कुठला कोपरा आधी उघडा पडतो ते ठाऊक होतं, आणि बाकीचे नवखे होते. जागा बदलता येते; जागेची माहिती सोबत नेता येत नाही. विस्थापितांबद्दल महाराष्ट्रात हे वेगळं समजावून सांगायची गरज नसावी.

कड्यांचं दुसरं काम याहून सूक्ष्म आहे. पक्षी कमी झाले एवढं कळणं पुरेसं नसतं, कुठे कमी झाले ते कळावं लागतं, नाहीतर दोष भलत्याच पाणथळीच्या माथी बसतो. ऑस्ट्रेलियाच्या वायव्य किनाऱ्यावर हिवाळा (तिथला उन्हाळा) काढणाऱ्या तीन जातींचा, दोन प्रकारचे नॉट आणि पट्टेरी शेपटीचा गॉडविट यांचा, रंगीत कड्यांवरून अनेक वर्षं माग ठेवण्यात आला. २०१६ साली त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. पक्षी ऑस्ट्रेलियात असतानाच्या महिन्यांत त्यांचं जगण्याचं प्रमाण पूर्वीसारखंच होतं. घसरलं होतं ते परदेशी असतानाच्या महिन्यांतलं. तिन्ही जातींचे विणीचे प्रदेश वेगवेगळे. तिघांच्या वाटेवर सामायिक काय, तर चीन आणि कोरियामधला पिवळा समुद्र, जिथले भरतीचे चिखल झपाट्याने बुजवले जात होते. दक्षिण कोरियात साएमांगमची ३३ किलोमीटर लांबीची समुद्रभिंत २००६ साली जोडली गेली, आणि तिथे उतरणारे नॉट शेजारच्या खाड्यांमध्ये त्या प्रमाणात वाढलेले आढळलेच नाहीत. ऑस्ट्रेलियाचा किनारा सुरक्षित होता, तिथली माणसं आपलं काम नीट करत होती, आणि तरी त्यांचे पक्षी मरत होते. हे कळायला पिवळ्या झेंडीवरची दोनतीन अक्षरं वर्षानुवर्षं वाचणारे डोळे लागले.

इथे एक आक्षेप निघतो आणि तो महाराष्ट्रातूनच निघायला हवा, कारण आपल्या बऱ्याच नावाजलेल्या पाणथळी माणसाने केलेल्या आहेत. नांदूर मध्यमेश्वरला गोदावरीवर बंधारा पडला म्हणून दलदल झाली. आज ते राज्यातलं पहिलं रामसर स्थळ आहे. भिगवणला पक्षी बघायला गाड्या भरून लोक जातात तो उजनी धरणाचा फुगवटा, आणि उजनीचं धरण १९८० च्या सुमाराचं. त्याआधी तिथे शेतं होती, गावं होती. मग हे मळगुजे (काळ्या शेपटीचे गॉडविट), ही बदकं, हे पट्टकादंब तिथे आले कुठून? आले म्हणजे दुसरीकडे जाता येतं, हे सिद्धच झालं. आक्षेप वजनदार आहे. त्याला ‘निसर्गाशी खेळू नका’ छापाचं उत्तर देऊन भागणार नाही. खरं उत्तर पुन्हा कड्यांकडेच आहे, आइसलंडमध्ये वीण करणाऱ्या मळगुज्यांच्या कड्यांकडे. या पक्ष्यांचे थवे गेल्या काही दशकांत वसंतात लवकर परतू लागले. हवामान बदलतंय आणि पक्षी जुळवून घेताहेत, असाच अर्थ कुणीही काढला असता. पण कडी वाचल्यावर दिसलं की एकेक पक्षी मात्र आपली तारीख बदलत नाही. ज्याला एप्रिलच्या ज्या आठवड्यात यायची सवय, तो वर्षानुवर्षं त्याच सुमाराला येतो. थवा लवकर येत होता तो नव्या, तरुण पक्ष्यांमुळे. अलीकडे जन्मलेली पाखरं लवकरची तारीख धरत होती आणि जुनी आपल्या तारखेला चिकटून होती. जात बदलते, पक्षी बदलत नाही. भिगवणचं कोडंही मला याच अंगाने सुटेल असं वाटतं. नवी पाणथळ भरते ती पिढ्यांच्या हिशेबाने, जागा शोधत फिरणाऱ्या कोवळ्या पाखरांनी. तिच्यासाठी दशकं लागतात. बुजवलेली पाणथळ मात्र एका उन्हाळ्यात बुजते, आणि तिच्यावर ज्यांनी आयुष्य बेतलं ते प्रौढ पक्षी पुढच्या नोव्हेंबरात येऊन ठेपतात. दोन्ही घड्याळं वेगळी आहेत. एकाचा पुरावा दुसऱ्यासाठी चालत नाही.

त्याच मळगुज्यांची आणखी एक गोष्ट, युक्तिवादाला तिचा उपयोग थोडाच, पण सांगितल्यावाचून राहवत नाही. त्यांची जोडपी हिवाळा एकत्र काढत नाहीत. नर एका देशाच्या चिखलात, मादी दुसऱ्या, सरासरी हजारएक किलोमीटरचं अंतर. आणि वसंतात आइसलंडला दोघं पोचतात ती सरासरी तीन दिवसांच्या फरकाने. हे शोधून काढलं कुणी, तर युरोपभरच्या खाड्यांवर थंडीत कुडकुडत उभ्या राहणाऱ्या हौशी वाचकांच्या नोंदींनी. त्यातल्या एकालाही पूर्ण गोष्ट दिसली नव्हती. एकाने नर वाचला होता, दुसऱ्याने मादी.

फ्लेमिंगोंचं काय, असं मुंबईकर विचारेल आणि त्याने विचारावंच, कारण इथे माझी बाजू थोडी लंगडी पडते. अग्निपंख हा टिलव्यासारखा एका कोपऱ्याला बांधलेला पक्षी नाही. पाणी आणि शेवाळ असेल तिथे तो जातो, एखाद्या वर्षी येतो, एखाद्या वर्षी पाठ फिरवतो. दक्षिण फ्रान्सच्या कामार्गमध्ये १९७७ पासून फ्लेमिंगोंच्या पायात अक्षरांची कडी घालतात, आणि ती कडी भूमध्य समुद्राच्या सगळ्या बाजूंना वाचली गेली आहेत. भटक्याला ‘दुसरीकडे जा’ म्हणण्यात चूक काय? चूक एवढीच की भटका ज्या जागांमध्ये भटकतो त्या मोजक्या असतात. एक आटली तर दुसरी, हे त्याचं शहाणपण दुसरी शिल्लक आहे तोवरच. ठाण्याच्या खाडीत तर हे रोज दोनदा दिसतं. ओहोटीला थवे खाडीच्या चिखलावर असतात. भरतीला तो चिखल बुडतो आणि नवी मुंबईच्या बाजूची उथळ तळी हाच त्यांचा आसरा असतो. खाडीला अभयारण्याचा दर्जा २०१५ मध्ये मिळाला, रामसरचा २०२२ मध्ये. पण फळ्यावर नाव लागलं ते ताटाचं. पाटाचं काय, हा प्रश्न तळ्यांच्या कडेला उभाच आहे.

आता बेडीकडे. कडं घालण्यासाठी पक्षी जाळ्यात धरावा लागतो, हातात दाबावा लागतो, आणि नंतर तो जन्मभर आपली वस्तू वागवतो. याने त्याचं काही बिघडत नाही, असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांना किंग पेंग्विनांनी गप्प केलं आहे. दक्षिण हिंदी महासागरातल्या एका बेटावर दहा वर्षं चाललेल्या अभ्यासात पंखावर पट्टी लावलेल्या पेंग्विनांना पट्टी नसलेल्यांपेक्षा ३९ टक्के कमी पिल्लं झाली आणि ते जगलेही कमी. २०११ साली हे बाहेर आलं तेव्हा पट्ट्यांवरून काढलेल्या अनेक निष्कर्षांबद्दल प्रश्न निर्माण झाले, कारण मोजपट्टीच मापाला चावत होती. पेंग्विनाची पट्टी त्याच्या वल्ह्यावर असते, टिलव्याचं कडं पायात सैल फिरतं. दोन्ही एक नाहीत. पण हा बचाव ऐसपैस वापरू नये. गळ्यातल्या पट्ट्यांवर कडाक्याच्या थंडीत बर्फ धरण्याची भीती असते, ती टाळता येत नाही. म्हणून मला वाटतं, कड्याचं समर्थन ‘त्रास होत नाही’ या पायावर करूच नये. त्रास थोडा का होईना होतो, आणि म्हणूनच एकदा घातलेलं कडं वाचायला कुणी नसणं हा खरा अपराध आहे. लहान पक्ष्यांत तर घातलेल्या शंभर कड्यांपैकी एकाचीही पुन्हा बातमी लागत नाही असं सर्रास होतं. न वाचलेलं कडं ही निखालस बेडी. पाणथळीच्या कडेला दुर्बीण घेऊन बसलेलं माणूस तिचा वाळा करतं.

यावर आजचा माणूस म्हणेल की हे सगळं जुनं झालं. आता पाठीवर छोटं यंत्र बसवता येतं, उपग्रह पक्ष्याचा ठावठिकाणा देतो, चिखलात तासन् तास बसा कशाला? ठाण्याच्या खाडीतच २०२२ साली सहा फ्लेमिंगोंवर अशी यंत्रं बसवली गेली. न्यूझीलंडच्या ‘ई ७’ या गॉडविटने २००७ साली अलास्काहून न्यूझीलंडपर्यंत अकरा हजारांहून जास्त किलोमीटर न थांबता कापले, हे कळलं ते यंत्रामुळे. कड्याने फक्त दोन टोकं दिली असती. यंत्राचा हा मोठेपणा नाकारण्यात अर्थ नाही. पण यंत्र महाग, म्हणून मोजक्या पक्ष्यांवर; आणि त्याचं आयुष्य काही वर्षांचं. कडं स्वस्त आणि दीर्घायुषी असतं. मिडवे बेटावर १९५६ साली चँडलर रॉबिन्स यांनी एका अल्बाट्रॉस मादीच्या पायात कडं घातलं. २००२ मध्ये त्याच बेटावर त्याच माणसाच्या हाती तोच पक्षी आला. जुनी कडी झिजत गेली, नवी घालत गेले, म्हणून आकड्यांची साखळी जुन्या वह्यांत मागे मागे शोधत जावी लागली आणि शेवटी स्वतःचंच अक्षर सापडलं. तिला विज्डम म्हणतात. २०२४ च्या अखेरीस, किमान चौऱ्याहत्तराव्या वर्षी, तिने पुन्हा अंडं घातलं. रॉबिन्स २०१७ साली गेले. हयातीचा दाखला कुणी कुणाचा घेत होतं, असा प्रश्न पडावा.

आणखी एक फरक आहे. उपग्रहाची खबर पाणथळीवर कुणीही नसताना पडद्यावर उमटते. कड्याची खबर तिथे माणूस असल्याशिवाय उमटतच नाही. कार्यक्षमतेच्या दृष्टीने हा दोष आहे; पाणथळीच्या दृष्टीने मला तो गुण वाटतो. ज्या तळ्यावर दर आठवड्याला कुणीतरी पाय वाचत बसतं, तिथे राडारोडा टाकायला आलेला डंपर बघणारं कुणीतरी असतं. पुरावा आणि राखण एकाच बैठकीत होते.

कडी नेहमी निर्मळ हेतूनेच घातली गेली असंही नाही. १९६० च्या दशकातल्या आपल्या कामाला मिळालेल्या पैशात अमेरिकी लष्कराच्या संशोधन विभागाचा वाटा होता. पक्ष्यांमार्फत रोग कसे पसरतात, यात लष्कराला रस का, हा प्रश्न १९७० च्या दशकात वर्तमानपत्रांतून संसदेपर्यंत गेला. संशय बाळगणारे वेडे नव्हते. कुणाच्या तरी पायात आपला आकडा अडकवणं ही सत्तेचीच कृती आहे, मग ती शास्त्रज्ञाची असो की सरकारची. आकडा लावला की पक्षी आपल्या दप्तरातला होतो, अशी भावना सूक्ष्मपणे येतेच. तिला उतारा असेल तर तो वाचण्याच्या कामातच आहे, कारण तिथे पक्षी क्षणोक्षणी दाखवून देतो की तो दप्तरातला नाही. तो पाय बदलत नाही. पाठ करून उभा राहतो. शेजारच्याला मधे घेतो.

आणि तो चुकीचं वाचू देतो, हे तर फारच. उन्हाने नारिंगी झेंडी पिवळी पडते. ओला पांढरा रंग तिरप्या उन्हात कुठलाही दिसतो. तीनचा आठ होतो, इंग्रजी ई आणि एफ यांच्यात फक्त एका आडव्या रेघेचा फरक, आणि त्या रेघेवर चिखल. शिवाय वाचणाऱ्याला जे वाचायची इच्छा असते ते त्याला दिसतं. लांबून आलेला, जुना, नामांकित पक्षी सापडावा ही इच्छा भिंगाच्या आतच बसलेली असते. एक चुकीचं अक्षर म्हणजे केव्हाचा मेलेला पक्षी कागदावर जिवंत होणं, आणि सगळे जगण्या-मरण्याचे हिशेब तेवढ्याने वर सरकणं. म्हणून अभ्यासक एकदाच दिसलेल्या आकड्याकडे जरा संशयाने बघतात, आणि चांगले वाचक पूर्ण आकड्यापेक्षा खऱ्या अर्ध्या आकड्याला मान देतात. त्यांच्या वह्यांत अशा अर्धवट नोंदी भरपूर असतात. लाल टिलवा एक, इतर सुमारे दोनशेंसोबत. उजवा पाय, सांध्याच्या वर झेंडी. रंग पिवळा, किंवा विटलेला नारिंगी. पहिलं अक्षर एच असावं. दुसरं चिखलाखाली. पाय बदलण्याची वाट पाहिली. पाणी उतरू लागलं तसा थवा उठला आणि खाडीकडे गेला.